गर्भजल : पोटातल्या पाण्याचा ताळेबंद

लेखाचे नाव वाचून तुमच्यापैकी निम्मे जण पान उलटणार हे मला माहीत आहे. मेसमध्ये या लेखाचा विषय सांगितला तेव्हा माझा रूम पार्टनर म्हणाला, "अरे, मेडिकल कॉलेज विष्णुपुरीतच हाय, पण गेट दुसरं हाय. तू चुकीच्या अंकाला लेख द्यायलास." सगळे हसले. मीही हसलो. पण लेख इथेच द्यायचा हे ठरलेले होते. कारण ज्या रात्री मला ही माहिती हवी होती, त्या रात्री मी याच होस्टेलच्या खोलीत बसलो होतो आणि मला काहीही माहीत नव्हते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी सेमिस्टरची परीक्षा चालू होती. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. ३३ वा आठवडा चालू होता. सोमवारी रात्री तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग जरा दबक्या आवाजात ती म्हणाली, "सकाळपासून सारखं ओलं ओलं लागायलंय रे. आई म्हणती, दिवस भरत आले की असं होतंच. तू जरा बघ ना, काय असतंय ते."

घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून तिने मला विचारले. आणि मी काय केले? मी म्हणालो, "उन्हाळा आहे ताई, घाम असंल. पाणी पी भरपूर. गुरुवारी पेपर झाला की बघतो." फोन ठेवला आणि हायड्रोलॉजीचे पुस्तक उघडले.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा फोन आला, या वेळी आईचा. ताईला घेऊन ते लातूरला दवाखान्यात गेले होते. सोनोग्राफी झाली होती. "पाणी लई कमी झालंय म्हणायलेत," एवढेच आई सांगू शकली. पेपर गुरुवारी दुपारी संपला आणि मी लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी धरली. त्या प्रवासात आणि नंतरच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे समजले ते इथे मांडतो आहे. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा विद्यार्थी आहे, म्हणून माझ्या डोक्यात ते शिरले तसेच, आपल्या भाषेत सांगतो.

गर्भजल म्हणजे काय?

आईच्या पोटात बाळ एका पातळ पडद्याच्या पिशवीत असते. आपल्याकडे तिला पाणमोट म्हणतात. या पाणमोटेत जे पाणी असते ते गर्भजल. त्यात सुमारे ९८ टक्के पाणीच असते, बाकी क्षार, प्रथिने आणि बाळाच्या कातडीच्या पेशी वगैरे.

या पाण्याची कामे मोजायला बसलो तर यादी मोठी होते. धक्का बसला तर ते शॉक ॲब्सॉर्बरचे काम करते. तापमान सारखे राखते. नाळ दबू देत नाही. बाळाला हातपाय हलवायला जागा देते, त्यामुळे स्नायू आणि सांधे तयार होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फुप्फुसे वाढायला मदत करते. पोटातले बाळ हवेचा श्वास घेत नाही, पण छातीची हालचाल करते. त्याच्या फुप्फुसात पाणी भरलेले असते आणि त्या पाण्याच्या दाबावर फुप्फुसे फुगतात, वाढतात. बाहेरचे पाणी फारच कमी झाले की आतले पाणी टिकत नाही आणि फुप्फुसे लहान राहतात.

दहाव्या आठवड्यात हे पाणी जेमतेम ३० मिलिलिटर असते. सोळाव्या आठवड्यापर्यंत ते २०० मिलिलिटरच्या आसपास जाते आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या मध्यावर ८०० मिलिलिटरपर्यंत पोचते. दिवस उलटून गेले की पुन्हा कमी होऊ लागते.

आवक, जावक आणि साठा

मला आधी वाटायचे की धरणात पाणी भरून ठेवावे तसे हे पाणी एकदा भरले की नऊ महिने तेच राहते. ही समजूत साफ चुकीची आहे. आपण वर्गात शिकतो तेच समीकरण इथे लागू पडते :

आवक − जावक = साठ्यातला बदल

आवक कुठून? सुरुवातीच्या महिन्यांत पाणी मुख्यतः आईच्या रक्तातून पडद्यांतून आणि बाळाच्या नाजूक कातडीतून येते. पण साधारण चौथ्या महिन्यानंतर मुख्य आवक असते ती बाळाच्या लघवीची. ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे. दिवस भरत आलेले बाळ दिवसाला जवळपास एक लिटर लघवी करते. शिवाय फुप्फुसातूनही काही पाणी बाहेर येते.

जावक कुठे? बाळ हेच पाणी गिळते, दिवसाला अर्धा ते एक लिटर. उरलेले पाणी वारेवरच्या आणि पाणमोटेच्या पडद्यांतून बाळाच्या रक्तात परत शोषले जाते.

आता सिव्हिलवाल्यांनी डिटेन्शन टाइम आठवावा. साठा भागिले प्रवाह. साठा ८०० मिलिलिटर आणि प्रवाह दिवसाला साधारण १००० मिलिलिटर धरला, तर उत्तर येते ०.८ दिवस, म्हणजे १९ तास. थोडक्यात, पोटातले पाणी जवळपास रोजच्या रोज बदलते! हे ढोबळ गणित आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, आवक कमी झाली किंवा कुठे गळती लागली तर पातळी आठवड्यांत नव्हे, एक-दोन दिवसांत उतरू शकते. दोन, पंधरा दिवसांपूर्वीचा "पाणी चांगलं आहे" असा रिपोर्ट आजची हमी देत नाही.

हे गणित मी लातूरच्या बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर केले. उत्तर आल्यावर सोमवार ते बुधवार किती तास होतात, ते मी मोजले नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

मोजतात कसे?

सोनोग्राफीत पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातल्या सर्वांत खोल पाण्याच्या जागेची उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. रिपोर्टवर जे "एएफआय" लिहिलेले असते ते हेच. ही पद्धत १९८७ साली पुढे आली. ५ पेक्षा कमी आले तर पाणी कमी, ५ ते २४-२५ च्या दरम्यान ठीक, त्याहून जास्त तर पाणी जास्त, असा ढोबळ नियम आहे. दुसरी पद्धत म्हणजे सर्वांत खोल अशी एकच जागा मोजायची. ती २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी कमी.

चार ठिकाणी दोरी सोडून जलाशयाचा साठा सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. अंदाज येतो, पण दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. बाळ वळले तरी आकडा बदलतो. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत असे दिसले की चार भागांच्या बेरजेने "पाणी कमी" हा शिक्का जास्त बायकांवर बसतो, कळा आणण्याचे प्रमाण वाढते, पण बाळांचा त्यात विशेष फायदा होत नाही. म्हणून नुसता एक आकडा पाहून घाबरायचे नाही. बाळाची वाढ, ठोके, नाळेतला रक्तप्रवाह हे सगळे मिळून डॉक्टर निर्णय घेतात.

पाणी कमी का होते?

कारणे पुन्हा आवक-जावकीच्या भाषेत सांगतो.

१) गळती : पाणमोट वेळेआधी फुटणे किंवा तिला बारीक छिद्र पडणे. प्रत्येक वेळी सिनेमात दाखवतात तसे भळाभळा पाणी जात नाही. कधी नुसते थेंब थेंब, ओलसर लागते. ताईला हेच झाले होते.

२) आवकच बंद : बाळाला मूत्रपिंडे नसणे, ती नीट तयार न होणे किंवा मुलग्यांमध्ये लघवीच्या मार्गात पडदा असणे. यासाठी १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी फार महत्त्वाची.

३) वारेचा पुरवठा कमी : आईचे बीपी वाढले, वार नीट काम करेना, की बाळाला रक्त कमी मिळते. अशा वेळी बाळ काय करते? आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये दवाखान्याचा फीडर चालू ठेवून बाकीचे बंद करायचे, तसे बाळ मेंदू आणि हृदयाकडे रक्त वळवते आणि मूत्रपिंडांचा पुरवठा कमी करते. लघवी कमी, म्हणून पाणी कमी. इथे कमी पाणी हा मूळ आजार नसतो, तो धोक्याचा दिवा असतो.

४) दिवस उलटणे : ४० आठवड्यांनंतर पाणी आपोआप कमी होत जाते.

५) औषधे : हा मुद्दा होस्टेलवाल्यांनी नीट वाचावा, कारण मेडिकलवरून गोळ्या आणून देणारे आपणच असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा अंगदुखीच्या गोळ्यांनी बाळाची लघवी कमी होऊ शकते. २० आठवड्यांनंतर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. बीपीच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. मात्र डॉक्टरांनीच कमी डोसची ॲस्पिरिन दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

बाळावर परिणाम काय होतो?

हे मुख्यतः पाणी केव्हा आणि किती दिवस कमी होते यावर अवलंबून असते.

पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आत पाणी फारच कमी झाले तर धोका सर्वांत मोठा. फुप्फुसे वाढायचा हाच काळ. ती अपुरी राहिली तर जन्मल्यावर बाळाला श्वास घेता येत नाही. जागा नसल्यामुळे हातपाय वाकडे होतात, पाऊल आत वळते, चेहरा दबल्यासारखा होतो. १९४६ साली एडिथ पॉटर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी मूत्रपिंडे नसलेल्या बाळांच्या अशा चेहऱ्याचे वर्णन केले, म्हणून आजही त्याला त्यांचेच नाव आहे. इतक्या लवकर आणि इतके गंभीर दोष दिसले तर पुढे काय करायचे हा निर्णय कुटुंबाला घ्यावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात २४ आठवड्यांनंतरही गंभीर दोषांच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपाताची सोय आहे.

सातव्या-आठव्या महिन्यानंतर पाणी कमी झाले तर फुप्फुसे बरीचशी तयार झालेली असतात. तेव्हा मुख्य भीती नाळ दबण्याची. नाळ दबली की बाळाचे ठोके उतरतात. बाळ पोटात शी करण्याची शक्यता वाढते आणि थोड्या पाण्यात ती घट्ट राहते. सिझेरियनची गरज जास्त पडते. पाणमोट फुटली असेल तर जंतुसंसर्ग आई आणि बाळ दोघांनाही होऊ शकतो, म्हणून तिथे तासांना किंमत आहे.

शेवटच्या आठवड्यांत पाणी थोडेसे कमी, पण बाकी सगळे नीट, अशा बहुतेक बाळांचे चांगले होते, हेही तितकेच खरे.

पाणी पिऊन पाणी वाढते का?

आता या प्रश्नावर जरा थांबू. कारण लातूर-नांदेडकडे पाण्याची गोष्ट निघाली की ती नुसती विज्ञानाची राहत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात टँकरभोवती भांड्यांची रांग असायची आणि त्या रांगेत पोटुशी बाईसुद्धा उभी असायची.

दवाखान्यात ताईच्या सासूबाई आल्या आणि पहिले वाक्य बोलल्या, "माहेरी पाणी बी प्यायला देत नव्हते का पोरीला?" आई काहीच बोलली नाही. ताई भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिला खरेच वाटत होते की ही आपलीच चूक.

तर याचे उत्तर स्पष्ट लिहितो. आईच्या शरीरात पाणी कमी पडले तर गर्भजलावर थोडा परिणाम होतो आणि पाणी कमी असलेल्या बायकांनी दीड-दोन लिटर पाणी प्यायल्यावर काही तासांत मोजमाप थोडे वाढलेले दिसले आहे. म्हणून उन्हाळ्यात गरोदर बाईने भरपूर पाणी प्यावे, सावलीत राहावे, हे बरोबर. पण पाणमोटेला छिद्र असेल, वार कमजोर असेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडात दोष असेल, तर घागरभर पाणी पिऊनही दोष दुरुस्त होत नाही. टाकीची तोटी फुटली असेल तर मोटार चालू ठेवून काय होणार? शहाळ्याचे पाणी चांगले, पण ते औषध नव्हे. आणि पाणी कमी झाले म्हणून सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे तर सर्वस्वी चूक.

डॉक्टरीणबाईंनी हेच सासूबाईंना समजावून सांगितले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारले, "हिला पहिल्यांदा ओलं कधी लागलं?" ताई म्हणाली, "सोमवारी." त्या म्हणाल्या, "मग त्याच दिवशी का नाही आणलं?" मी तिथेच उभा होतो. ताईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "आम्हाला कळलंच नाही मॅडम," एवढेच बोलली. तिने मला वाचवले, हे मला तेव्हाच कळले.

उपचार

पाणी वाढवण्याचे खात्रीचे औषध नाही. उपचार कारणावर आणि आठवड्यांवर ठरतो. दिवस भरत आले असतील तर बाळंतपण करतात. दिवस कमी असतील तर आई-बाळावर लक्ष ठेवून वेळ मिळवतात. ताईला ॲडमिट केले, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ॲन्टिबायोटिक दिले आणि बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांनी स्टिरॉइडची चार इंजेक्शने दिली. रोज ठोक्यांची पट्टी काढायचे. गावाकडून कोणी तरी म्हणाले, "सातव्याचं जगतंय, आठव्याचं जगत नाही." ही समजूतही निखालस खोटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

३४ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण झाले. मुलगी. वजन १ किलो ९५० ग्रॅम. अकरा दिवस काचेच्या पेटीच्या खोलीत होती. नंतर ताई तिला छातीशी कातडीला कातडी लावून तासन् तास बसायची, याला कांगारू पद्धत म्हणतात. कमी वजनाच्या बाळांना तिचा फार उपयोग होतो. दाजींनीही तसे केले. सासूबाईंनी सुनेला स्वतःच्या हाताने पेज भरवली. आज माझी भाची घरभर रांगते आहे.

आमचे नशीब चांगले. पण नशिबावर परीक्षा पास होण्यात काय भूषण?

लक्षात ठेवा

१) गरोदरपणात ओले लागले, कपडा पुन्हा पुन्हा भिजला, तर स्वच्छ कोरडी पॅड ठेवून रंग आणि वास पाहावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हिरवट पाणी, दुर्गंधी, ताप, रक्त असेल तर तासही घालवू नये.

२) २८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवावे. कुशीवर झोपून मोजावे. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर लगेच जावे.

३) दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, तपासण्या, औषधे आणि जाणे-येणे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. गावातल्या आशाताईंचा नंबर घरात लिहून ठेवा.

४) सोनोग्राफी पाणी, वाढ आणि दोष पाहण्यासाठी असते. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी एवढेच. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आपण पहिले इंजिनिअर होणार आहोत. म्हणून घरच्यांना वाटते की याला सगळे कळते. बहीण, वहिनी, शेजारची काकू, होस्टेलच्या मेसमधल्या मावशी, कुणीही विचारू शकते. तेव्हा "पाणी पी, बरं वाटंल" असे ठोकून देऊ नका. "मला माहीत नाही, पण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा," हे उत्तर द्यायला मेडिकलची डिग्री लागत नाही. मला ते सोमवारी रात्री देता आले असते.

हायड्रोलॉजीत मला ७१ मार्क पडले. पाण्याचा ताळेबंद मात्र मी लातूरला शिकलो.